मुंगीने शेगडीला हात लावला नव्हता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, महाविद्यालयातली निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न थांबता दोनपर्यंत आले, तेव्हा तेच म्हणाले, "पुरे." मला कोणी भरीस घातलेले नाही आणि धाकही दाखवलेला नाही. तसे करून पाहणाऱ्यांचा अनुभव फारसा चांगला नाही.

माझे पूर्ण नाव, पत्ता आणि घराचा तपशील वकिलांनी टाइप केलेल्या कागदावर आहे. तो सोबत जोडला आहे. वकिलांचा मसुदा दीड पानाचा होता आणि त्यात एकही चूक नव्हती. फक्त सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात नव्हती. ती त्यांना सांगण्याची मला लाज वाटली, म्हणून हे लिखाण.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे माझे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एकाच माणसाला धड उभे राहता येईल एवढी गॅलरी, माझ्या मुलीला व मुलाला निम्मे निम्मे द्यावे. ठेवायचे की विकायचे ते दोघांनी ठरवावे. चर्चा मात्र दार लावून करावी. आमच्या जिन्यात आवाज घुमतो आणि खालपर्यंत शब्द न् शब्द कळतो. मला अनुभव आहे.

कलम २. बँकेतली शिल्लकही दोघांना सारखी. माझा मोठा फोटो करून भिंतीवर लावू नये. माझा एकही फोटो चांगला आलेला नाही आणि जिवंतपणी मी ते निमूटपणे सोसले आहे.

कलम ३. बिडाचा जड तवा माझ्या धाकट्या बहिणीला द्यावा. तो आईने मलाच दिला होता, तिला नव्हे. गेली सव्वीस वर्षे ती माझ्याकडे जेवते आणि पहिल्या घासाला म्हणते, "छान झालंय, पण..." त्या 'पण'नंतर तिने जे जे सांगितले ते बहुतेक बरोबर होते, हे मी येथे लेखी मान्य करते. तोंडी करणार नाही.

कलम ४. मुंगीविषयी.

मुंगी म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, वय आठ. हे नाव मी ठेवले, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती तिथे पोचते. माझी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या बदलत्या असतात, म्हणून मुंगी पाच वर्षांची झाल्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे येत असे. मला लहान मुलांची फारशी हौस नाही. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितले, "इथे खेळणी नाहीत. काम आहे."

"कुठलं?" तिने विचारले.

मी तिच्यापुढे मटार ठेवले. तिने ते सगळे सोलले, निम्मे खाल्ले आणि उरलेले माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे तुझे." तेव्हाच माझ्या लक्षात आले की हिच्याशी आपले जमेल.

आता पुढचे माझ्या मुलांना ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला आणि त्यात माझे नाक गेले. म्हणजे नाक जागेवर आहे, वास येत नाही. कशाचाच नाही. एकतीस वर्षे मी प्रयोगशाळेत काढली. चिठ्ठी निघालेली बाटली कशाची आहे हे विद्यार्थी मला येऊन विचारत. त्याच बाईला आता रॉकेल आणि गुलाबपाणी यांतला फरक कळेना. मी कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर मुलीने आठवड्याच्या आत माझी शेगडी बंद करून मला तिच्या मागच्या खोलीत नेले असते. मुलाने लांबून डब्याची सोय केली असती. दोघांनीही प्रेमापोटीच केले असते, म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता आले नसते.

मुंगीने मला दुसऱ्या आठवड्यात पकडले. शेगडीवर दूध होते.

"आजी, करपलं."

"काही नाही करपलं."

"करपलंय! तुला वास येत नाही का?"

मी पातेले उचलून पाहिले. बूड काळे झाले होते. रागावायला तोंड उघडले आणि भलतेच बाहेर पडले. "नाही येत," मी म्हणाले. ज्या व्यक्तीला मी हे पहिल्यांदा सांगितले ती पाच वर्षांची होती. तिने थोडा विचार केला.

"दुखतं?"

"नाही."

"मग वास मी घेते. बाकीचं तू कर."

अशी तिची नेमणूक झाली. मी तिला प्रयोगशाळेतली पद्धत शिकवली. भांड्यावर नाक न्यायचे नाही. हातभर लांब उभे राहायचे आणि तळव्याने हळूच वाफ आपल्याकडे ओढायची. ती शेगडीपासून दूर, स्टुलावर उभी राहून एक हात हलवत असे आणि सांगत असे: कच्चे आहे, होत आले, उतरव. तीन वर्षांत तिचा अंदाज एकदाच चुकला, टोस्टच्या बाबतीत. तिला तो काळाच आवडतो.

पण तिने माझ्यासाठी केले ते एवढेच नव्हे. ज्याचे नाक शाबूत आहे त्याला हे समजणे कठीण आहे. वास गेल्यावर भात म्हणजे नुसता मऊ आणि सूप म्हणजे नुसते गरम. मी हट्टाने रांधत होते, पण ताटावर बसले की दोन घासांत उठत होते. सगळे कपडे सैल झाले होते. एकदा सहज मी तिला विचारले, "या कांद्याचा वास कसा येतोय?" ती म्हणाली, "आधी रागावलेल्या माणसासारखा होता. आता त्याची समजूत पटलीय." त्या दिवशी मी ताटातले सगळे संपवले.

त्यानंतर मी एक वही सुरू केली. तारीख, पदार्थ, मुंगीचे म्हणणे. ताजा पाव: धुतलेल्या उशीसारखा. दालचिनी: आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यासारखी. अळंबी: जिन्याखालच्या कोपऱ्यासारखी, पण चांगल्या. उकडलेले अंडे: "आजी, हे लिहू नकोस." अशा एकशे बारा नोंदी आहेत. जेवताना मी वही शेजारी उघडी ठेवते. माझे वजन परत आले ते तिच्यामुळे. डॉक्टर त्याचे श्रेय आपल्या गोळ्यांना देतात. त्या मी घेतल्याच नव्हत्या.

म्हणून ती वही, तिच्यासाठी करून घेतलेले स्टूल, प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला माझा तराजू आणि माझ्या दोन्ही सुऱ्या मुंगीला द्याव्यात. लहान सुरी लगेच, मोठी बाराव्या वर्षी. तिच्या आईला हे कलम आवडणार नाही. तरी ते राहील.

कलम ५. त्या दिवसाविषयी.

आमचा एक नियम होता. मुंगीला सर्दी असेल त्या दिवशी शेगडी पेटवायची नाही. पाव, फळे, चीज, जे असेल ते गार खायचे. नियम मीच केला होता आणि कपाटाच्या दारावर लावला होता. दीड महिन्यापूर्वी ती शाळेतून आली ती नाक गळत आणि अंग तापत. मला वाटले, पोरीला गरम काहीतरी पोटात जायला हवे. मी सूप चढवले. तिने आठवण केली, "आजी, आज माझं नाक बंद आहे."

"तू बाहेर पांघरूण घेऊन पड. मी काय करते ते मला कळतं," मी म्हणाले. नेमके तेच मला कळत नव्हते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले, कपाळावर पट्टी ठेवली, गोष्ट वाचायला घेतली. आत सूप उतू गेले, ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला. आम्हा दोघींनाही वास आला नाही. वीसेक मिनिटांनी खालच्या मजल्यावरचे सुतार दार बडवू लागले. मी दार उघडताच ते मला बाजूला सारून आत गेले, बटण बंद केले, खिडक्या उघडल्या.

"बाई, वास पार खालच्या जिन्यापर्यंत आहे! तुम्हाला आला नाही?"

"सर्दी आहे," मी म्हणाले. हे पहिले खोटे.

दुसरे मी बोललेच नाही, आणि ते जास्त वाईट. मुलगी कामावरच्या कपड्यांतच धावत आली. जिन्यात तिला सगळे कळले होते. तिने दारातूनच विचारले, "शेगडीला हात कोणी लावला?" मी गप्प राहिले. मुंगीने माझ्याकडे पाहिले. मी तिला काही खुणावले नाही, पण तिला थांबवलेही नाही.

"मी," मुंगी म्हणाली.

"कशाला?"

"असंच. बटण फिरवून बघितलं."

मुलीने तिला मारले नाही. मारले असते तर मी बोलले असते, असे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. खात्री नाही.

तेव्हापासून मुंगी शाळेनंतर पाळणाघरात जाते. रविवारी आईबरोबर येते आणि बाहेरच्या खोलीत बसते. तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायला बंदी आहे आणि ती तो ओलांडत नाही. गेल्या रविवारी माझी मुलगी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "हुशार आहे गं, पण तिच्यावर विश्वास टाकता येत नाही." मुंगी शेजारीच चित्र रंगवत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. त्या न उचललेल्या मानेमुळे मी हे लिहायला बसले.

तरी मी जाहीर करते की त्या दिवशी शेगडी मी पेटवली, नियम मी मोडला, वास मला आला नाही आणि दोष संपूर्ण माझा आहे. मुंगीने शेगडीला हात लावला नव्हता. तीन वर्षांत एकदाही लावला नाही. ती खोटे बोलली ती माझे गुपित राखण्यासाठी. एवढी विश्वासू मदतनीस मला एकतीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नाही, आणि तिथे तर सगळे पगारी होते.

कलम ६. खालच्या मजल्यावरच्या सुतारांना मला घरातले रंधे व पटाशी द्यायची होती. ती माझ्या यजमानांची, वीस वर्षे कोणी न वापरलेली. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. त्यामुळे हत्यारे मी परवाच त्यांना नेऊन दिली. येथे फक्त आभार लिहिते. त्यांनी दार बडवले नसते तर हे लिहायला मी नसते आणि जिच्यासाठी लिहिते तीही नसती.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला अजून पंधरा-वीस वर्षे जगायचे आहे. तोवर मुंगीने खोटारडी म्हणून वाढावे काय? तेव्हा हे पत्र येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः मुलीला व मुंगीला मोठ्याने वाचून दाखवीन आणि त्यानंतरच सही करीन. माझ्या स्वयंपाकघराचे व माझ्या एकटीने राहण्याचे काय करायचे ते मुलगी ठरवील. तिचा निर्णय मी मान्य करीन. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

पुरवणी. रविवार, सकाळी पावणेबारा.

वाचन झाले. साक्षीदार म्हणून सुतार आणि डॉक्टरही बसले होते. चौथ्या कलमालाच मुलगी उठून उभी राहिली.

"चार वर्षं? आई, मी दिवसभर लोकांना विचारत असते, वास येतो का, जेवण जातं का. तुला एकदा नाही विचारलं."

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

पाचवे कलम तिने उभ्यानेच ऐकले. मग मुंगीपुढे बसली. "तू मला का नाही सांगितलंस?"

मुंगीने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.

"आजीला तुझ्याकडे नेलं असतंस. तिला नसतं आवडलं."

"का नसतं आवडलं?"

"तुझं सूप कच्चं असतं."

सुतारांना खोकल्याची उबळ आली. मुलगी हसली आणि हसता हसता रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हिला तुझ्यासाठी खोटं बोलू दिलंस. मी हे विसरणार नाही."

"विसरू नकोस," मी म्हणाले. मग मी मुंगीजवळ गेले आणि जे मी यजमानांना, प्रयोगशाळेतल्या साहेबांना, बहिणीला कधी म्हटले नव्हते ते म्हटले. "माझं चुकलं, मुंगे."

"हो," ती म्हणाली. एवढेच. ती कशालाही उगाच गोड करत नाही. हे ती माझ्याकडून शिकली असावी.

मुलीचा निर्णय असा: विजेची शेगडी बसवायची, आणि ती येईपर्यंत गॅस पेटेल तो तिच्या किंवा सुतारांच्या देखतच. गॅसचा वास ओळखणारी घंटा आजच लावायची. नाक डॉक्टरांना दाखवायचे. मी इथेच राहायचे. मुंगीने आठवड्यातून तीन दिवस यायचे. सर्व मान्य.

आता मायलेकी आत आहेत. सूप चालले आहे. भिंतीपलीकडून माझ्या मुलीचा आवाज येतो आहे. ती मुंगीला विचारते आहे, "आता काय करायचं?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबली आहे.

सर्व मजकूर माझाच असून तो खरा आहे. साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १. (सही) खालच्या मजल्यावरचे सुतार. सर्व ऐकले. मधे खोकलो, त्याबद्दल क्षमस्व.
साक्षीदार २. (सही) कुटुंबाचे डॉक्टर. डोके ठिकाणावर. गोळ्यांबद्दल स्वतंत्रपणे बोलू.

ठिकाण: राहत्या घरी, बाहेरच्या खोलीत
दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख, रविवार