मार्लिसच्या दुनळीचं गिऱ्हाईक

हेग्रा, नॉर्थ डकोटा
मार्चचा शेवटचा रविवार

आदरणीय सोल्वेगताई,

तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तुझ्या ॲरिझोनाचं ते ऊन, तिन्ही आपापल्या जागी ठीकठाक असतील असं धरून चालतो. इकडे बर्फ अजून हटायचं नाव घेत नाही आणि खाली रेड नदी मात्र फुगायला लागली आहे. माझी तब्येत बरी. डॉक्टर म्हणतो रक्तदाब वाढलाय; पण तो ज्या यंत्रावर मोजतो ते यंत्र त्याच्या मेव्हण्याने विकलेलं आहे, त्यामुळे मी त्या आकड्याकडे फारसं लक्ष देत नाही.

तू मागे फोनवर विचारलं होतंस, की हॅल्वरभावोजींच्या बंदुका इंटरनेटवर जाहिरात देऊन विकाव्यात का. मी तेव्हा विषय बदलला होता. (फोनवर बंदूक हा शब्द मी उच्चारत नाही. कोण ऐकत असतं देव जाणे.) पण आता मी स्वतः त्या सगळ्यातून गेलो आहे, तेव्हा एका बहिणीला सावध करणं हे माझं कर्तव्य समजून सविस्तर लिहितो.

माझ्या मार्लिसची बंदूक तुला आठवत असेल. एकावर एक दोन नळ्यांची, अक्रोडाच्या दस्त्याची. त्या बंदुकीने तिने हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडून फोडून अर्ध्या जिल्ह्यातल्या पुरुषांची तोंडं बंद केली होती, माझं धरून. मार्लिस गेल्यापासून बंदूक लोखंडी कपाटात पडून होती. माझा उजवा खांदा शस्त्रक्रियेनंतर दस्ता लावू देत नाही, आपल्या पुढच्या पिढीत कुणालाच ती नको आहे, आणि कपाट उघडलं की मला दिवसभर जेवण जात नाही. म्हणून मी ठरवलं, विकायची. गेलन ट्वेट म्हणाला, जाहिरात टाक. (गेलन म्हणजे आमचा परवानाधारक बंदूकविक्रेता. चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहून गातो आणि माझा सूर चुकला की खोकतो.)

जाहिरात लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत घातलं: व्यवहार फक्त परवानाधारक दुकानात, ओळखपत्र आणि सरकारी तपासणीनंतरच, अपवाद नाही. फोटोत बंदुकीचा क्रमांक दिसू नये म्हणून त्यावर अंगठा ठेवला. फोटो चढवल्यावर लक्षात आलं, की आता माझा अंगठा सगळ्या जगाने पाहिला. मग हातमोजा घालून पुन्हा काढला. त्यात मी दरोडेखोरासारखा दिसतो असं गेलनचं मत पडलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जहाजावरचे कोणी कॅप्टन. त्यांना बंदूक न बघताच पसंत होती, मी मागितली त्याहून जास्त रकमेचा चेक ते पाठवणार होते, आणि वरची रक्कम मी त्यांच्या सामान नेणाऱ्या माणसाला रोख द्यायची होती. एका निरोपात तीनदा देव तुमचं भलं करो. माझ्या स्वतःच्या पाद्रीने मला इतके आशीर्वाद कधी दिले नाहीत, म्हणून मी विचारलं, ही बंदूक किती बोअरची आहे असं तुम्हाला वाटतं? उत्तर आलं, उत्तम स्थितीतली. तो विषय तिथे संपला.

दुसरा आमच्याच जिल्ह्यातला निघाला. त्याला धान्याच्या कोठारामागे मोकळ्या जागेत भेटायचं होतं. दुकान कशाला, म्हणाला, एकाच राज्यातल्या दोन माणसांना आपसात बंदूक देता-घेता येते, आपल्याकडे कायदाच आहे तसा. ताई, कायदा तसा आहे, मी नाही म्हणत नाही. पण समोरच्याला बंदूक बाळगायला मनाई आहे अशी शंका यायला कारण असेल तर देता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आणि मला तर तो कायदा झाला त्या १९६८ सालापासून प्रत्येकाबद्दल शंका आहे. मी जरा खोदून विचारलं तेव्हा स्वारी म्हणते, बंदूक मला नकोच आहे, मेव्हण्याला हवी आहे, त्याला दुकानवाले देत नाहीत. मेव्हण्याला शेंगदाणे चालत नाहीत असं सांगावं तितक्या सहज! मी म्हटलं, गृहस्था, ज्याला मनाई आहे त्याच्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं म्हणजे तुरुंग, तुलाही आणि जाणूनबुजून दिली तर मलाही. त्याने फोन आपटला. मी त्याचा नंबर लिहून घेतला आणि शेरिफच्या कचेरीत जाऊन हवालदाराला दिला. हवालदार म्हणाला, ऑरिन, या महिन्यातली ही तुझी चौथी खेप. मी म्हटलं, यावेळी तरी खरं आहे ना! (आधीच्या तीन खेपा शिकारीत खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडतात त्या पाणबदकांच्या पुतळ्यांच्या चोरीबद्दल होत्या. ते पुतळे माझ्याच गाडीत सापडले, पण तिथे ते कोणी ठेवले हे अजून उघड झालेलं नाही.)

आणि मग आली तिसरी. लाव्हॉन क्वाले, नदीपलीकडची, मिनेसोटाची. हे नावसुद्धा मला दोन दिवसांच्या घासाघिशीनंतर मिळालं, कारण ती म्हणे आधी तुमचं सांगा आणि मी म्हणे आधी तुमचं. तिने भाव विचारला नाही. तिने विचारलं, दस्त्याच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवता का? पाठवला. मग म्हणे, जरा जवळून. पाठवला. मग म्हणे, ही बंदूक कोणाची? मी कशाला अनोळखी बाईला घरातलं सांगू? मी लिहिलं, माझी. म्हणे, पहिल्यापासून तुमचीच? मी लिहिलं, पहिल्यापासून. त्यानंतर चार दिवस तिचा पत्ता नाही, आणि पाचव्या दिवशी हवालदाराचा फोन.

“ऑरिन, नदीपलीकडच्या एका बाईने चौकशी केली होती. चोरीच्या बंदुकांच्या यादीत एक नंबर आहे का म्हणून.”

“मग?”

“मग काय? नंबर यादीत नाही. पण तिला तू चोर वाटतोस.”

ताई, माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी असंख्य लोकांना चोर समजलो, पण कोणी मला समजावं ही पहिलीच वेळ. तो नंबर तिला मिळाला कुठून, म्हणशील. जवळून काढलेल्या फोटोत माझा हातमोजा सरकला होता.

तरीही ती घ्यायला तयार होती. ती एका राज्यातली, मी दुसऱ्या. म्हणजे मधे परवानाधारक दुकान असणं कायद्यानेच भाग होतं, आणि ही गोष्ट आम्हा दोघांनाही एकाच वेळी, एकाच शब्दांत लिहावीशी वाटली. मंगळवारी मी बंदूक गेलनकडे ठेवून आलो. त्याने ती आपल्या जाड वहीत चढवली आणि शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली.

मी साडेनऊलाच जाऊन समोरच्या रस्त्यावर गाडीत बसलो, ती एकटी येते का ते बघायला. पलीकडे एका निळ्या गाडीत एक उंच बाई नवऱ्याचा असावा असा कोट घालून बसली होती आणि दुर्बिणीतून माझ्याकडे बघत होती. दहा वाजता आम्ही दोघं एकदमच उतरलो. दुकानात तिने मी मागायच्या आत आपलं ओळखपत्र गेलनपुढे ठेवलं आणि मला म्हणाली, “आता तुमचं.” मी दिलं. तिने ते उजेडाकडे धरून पाहिलं.

तिने फॉर्म भरला, गेलनने तपासणीसाठी फोन केला, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं: द्यायला हरकत नाही. तिने बंदूक उचलली, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहिलं, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि पर्समधून मी मागितलेल्या पूर्ण रकमेचा बँकेचा ड्राफ्ट काढला. एक डॉलर कमी नाही! ताई, तूच सांग, आमच्या जिल्ह्यात माणसं शवपेटीचासुद्धा भाव करतात. जी बाई मार्लिसच्या बंदुकीसाठी अवाक्षर न काढता पैसे देते, तिच्या मनात काहीतरी असलंच पाहिजे. मी म्हणालो, “व्यवहार रद्द. मी माझी बंदूक घरी नेतो.”

गेलन खोकला. “ने ना. पण आधी फॉर्म भर.”

“मी कशाला भरू?”

“मंगळवारपासून ती माझ्या वहीत आहे. वहीतून बाहेर जायची तर तपासणी करूनच. मग तो कोणी का असेना.”

“अरे पण ती माझी आहे!”

“असं सगळेच म्हणतात,” लाव्हॉन म्हणाली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, माझा फॉर्म भरून होईपर्यंत हलायचं नाही अशी बसली.

तो फॉर्म तू वाचला नाहीस. तुम्ही फरार आहात का, तुम्हाला शिक्षा झाली आहे का, असे एकेक प्रश्न. खाली सही करायची, आणि खोटं निघालं तर तुरुंग. प्रत्येक प्रश्न मी दोनदा वाचला आणि निम्म्यावर येईतो माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. मी गेलनला हळूच विचारलं, त्र्याऐंशी साली बर्फातल्या मासेमारीचा दंड झाला होता, तो यात धरायचा का? गेलन नाही म्हणाला. स्टुलावरून आवाज आला, “मनात आहे ते बोलून टाका हो, बरं वाटतं.”

तपासणीचं उत्तर आलं: विलंब. नकार नाही आणि होकारही नाही, थांबा. गेलन म्हणाला, तुझ्या नावाचा दुसरा कोणी ऑरिन हॉगस्टॅड कुठेतरी उद्योग करत असेल, ते दोघांना वेगळं करतील, कामाचे तीन दिवस लागतील. म्हणजे नदीपलीकडच्या परक्या बाईला माझ्या बायकोची बंदूक पाच मिनिटांत मिळू शकत होती आणि मला बुधवारपर्यंत हातसुद्धा लावता येत नव्हता. मी तिथेच खाली बसलो. माझा चेहरा बघून असेल, लाव्हॉन उठली आणि म्हणाली, “चला, कॉफी घेऊ. समोरच आहे, चार लोकांत.”

कॉफीबरोबर तिने एकच कॅरॅमल रोल मागवला आणि सुरीने बरोबर मधोमध कापला, पण माझा भाग माझ्याकडे सरकवला नाही. म्हणाली, “आता खरं सांगा. मार्लिस हॉगस्टॅडची बंदूक तुमच्याकडे कशी आली?”

मी म्हणालो, “मी तिचा नवरा.”

“मग ‘पहिल्यापासून माझी’ असं का लिहिलंत?”

मी कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली. मग तिने सांगितलं ते ऐक. एक्क्याण्णव सालच्या राज्याच्या स्पर्धेत मार्लिसच्या दस्त्याला गाडीच्या दारात सापडून चीर गेली. (दार मी आपटलं होतं. मार्लिसने ही गोष्ट मला वीस वर्षं ऐकवली.) दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी, आणि हातात बंदूक नाही. तेव्हा ज्या बाईशी तिची बरोबरी झाली होती त्याच बाईने तिला आपली बंदूक वापरायला दिली. दोघी एकच बंदूक आळीपाळीने घेऊन उभ्या राहिल्या आणि मार्लिस एका तबकडीने जिंकली. “माझ्याच बंदुकीने मला हरवलं तिने,” लाव्हॉन म्हणाली, “आणि वर मला म्हणते, दस्ता जरा आखूड आहे तुझा.” ही अर्धी गोष्ट मार्लिसने मला कधीच सांगितली नव्हती. मला सांगितलं होतं, चिकटपट्टी लावून मारलं.

ती चीर फोटोत दिसल्याबरोबर लाव्हॉनने बंदूक ओळखली. मार्लिसने जिवंतपणी ती विकणं शक्य नाही, म्हणजे चोरीला गेली असणार, आणि हातमोजे घालणारा हा चोर तिच्याच आडनावाचा कोणी नातेवाईक, असा तिने हिशेब मांडला. विकत घेऊन मार्लिसला परत नेऊन द्यायची असं ठरवून ती आली होती. म्हणून भाव केला नाही.

मग मला सांगावं लागलं, की मार्लिसला जाऊन येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील.

तिने माझ्या वाट्याचा रोल माझ्याकडे सरकवला आणि वर आपल्या वाट्यातला एक तुकडा तोडून ठेवला. मला त्या दिवशी जेवण गेलं, एवढं तुला लिहितो.

मी म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता गेलनकडे जाऊ, बंदूक तुमची. तर ही बाई काय म्हणते? “छे. तुमचा निकाल अजून यायचा आहे. ज्याच्याबद्दल सरकारलाच खात्री नाही त्याच्याकडून मी बंदूक घेत नसते.” आणि घेतली नाहीच! बुधवारी गेलनचा फोन आला, मी स्वच्छ निघालो (तो दुसरा ऑरिन आयडाहोत असतो म्हणे, मी त्याची चौकशी करतो आहे). तेव्हा कुठे गुरुवारी ती आली, बंदूक पेटीत घालून, पेटीला कुलूप लावून घेऊन गेली. कपाटातल्या त्या जागी मी केरसुणी ठेवली आहे. कपाट उघडतो आता.

तेव्हा ताई, भावोजींच्या बंदुका विकायच्या तर दुकानातूनच वीक, ओळखपत्र बघ, जास्त पैसे देणाऱ्याला दारात उभं करू नकोस, आणि कोणी विचारलं बंदूक कोणाची, तर खरं सांग.

मांजराला माझा नमस्कार. गुडघे जप.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता. क. भावोजींच्या बंदुकांची एवढी घाई नाही. वरचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल. पुढचं मात्र आज वाच.

ता. क. दुसरा. जुलैत राज्याची स्पर्धा आहे आणि लाव्हॉन मार्लिसची बंदूक घेऊन उतरते आहे. तिच्या गाडीत एक जागा रिकामी आहे, फुटलेल्या तबकड्या मोजायला कोणीतरी हवं म्हणते. पण चार तास परक्या पुरुषाबरोबर गाडीत बसायचं तर तिला दोन ओळखीच्या माणसांची पत्रं हवी आहेत. एक गेलनने दिलं. (“प्रामाणिक, बेसूर.”) दुसरं, मला पन्नास वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या बाईचं हवं असा तिचा आग्रह आहे, आणि तशी आता तू एकटीच उरलीस. चांगलं लिही. फार चांगलं लिहू नकोस, तिला लगेच संशय येईल. पाणबदकांचा उल्लेख टाळ.

ता. क. तिसरा. पत्र माझ्याकडे पाठवू नकोस, थेट तिच्या पत्त्यावर पाठव. माझ्या हातून गेलं तर पाकीट उघडून पुन्हा चिकटवलंय का ते ती दिव्याखाली धरून बघेल. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, मी उघडलंच असतं.