सातवा मणका

लातूर, वैशाख वद्य पंचमी

आज सकाळी लिंगपूजेनंतर गळ्यातला इष्टलिंगाचा दोरा, शिवदारा, सारखा करताना बोट मानेच्या उंचवट्यावर अडलं. हंडे वाहून मान धरलेल्या गंगाबाईंचा दुखरा मणका काल मी पदरावरूनच चाचपला, सातवा ठरवला. चिठ्ठीतही तोच लिहिला. त्यावरून नांदेडचे डॉक्टर मानेत सुई देणार. चुकलो असेन तर?

नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना परत बोलावलं. सिस्टरांनी पदर सारला. वाकवलेल्या मानेवर उंचवटे दोन!

"आता वर बघा, बाई."

"कशाला? ढग आलेत का?"

वरचा उंचवटा बोटाखालून सरकला, खालचा जागीच राहिला. तोच सातवा! काल सातवा समजून धरलेला दुखरा मणका वरचा, म्हणजे सहावा होता. केवढा आनंद झाला! पण सांगावं की गुपचूप बदलावं?

"बाई, काल मी चुकलो."

"मंग आज बरोबर लिवा की!"

चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडली, 'सहावा' लिहून नवी दिली.