दारातल्या चपलांविषयी माझी शेवटची इच्छा

लिहून ठेवणार : श्रीमती दमयंती जीवन हिवाळे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, राहणार जुने पनवेल, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहून ठेवत आहे. प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत आहे, स्मरण शाबूत आहे, आणि मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही; तशी कोणाची छातीही नाही. शुद्धीविषयी मात्र एक गोष्ट नोंदवते. गेल्या ऑगस्टपासून मी धक्क्यात आहे. जेवताना हात थांबतो, रात्री दचकून जाग येते. डॉक्टर मितेश म्हात्रे यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी रक्तदाब बघितला, तारीख-वार विचारला, आणि "मावशी, धक्का बसणं म्हणजे भ्रम होणं नव्हे," असं म्हणून दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. यापूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. वकील रोशनी घरत, जी एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून चिंचा खायची, ती म्हणते की रद्द करायला एवढं एक वाक्य पुरतं. "मॅडम, कोर्टाला गोष्ट नको असते, मिळकतीचं वर्णन हवं असतं." कोर्टाला नसेल हवी. माझ्या मागे जे भांडणार आहेत त्यांच्यासाठी मी लिहिणार.

कलम २. माझी स्थावर मिळकत म्हणजे हे बैठं घर. माझे यजमान कै. जीवन यांनी ते बांधलं. रस्त्याकडची मोठी खोली ही प्रार्थनेची. दर रविवारी आमची मंडळी तिथे उपासनेला जमते. मागे दोन खोल्या आणि मोरी. जुन्या मृत्युपत्रात पुढची खोली मी मंडळीला, म्हणजे मंडळीचे पंच श्री. बुधाजी पाटोळे यांच्या हवाली केली होती, आणि मागच्या खोल्या माझा एकुलता एक मुलगा निनाद याला दिल्या होत्या. निनाद आणि सून किशोरी यांनी ये-जा मागच्या बोळातून करावी, असंही त्यात होतं. परवा रोशनीने ते वाक्य मोठ्याने वाचलं तेव्हा "हे मी लिहिलंय?" असं मी तिला विचारलं. तिने कागद पुढे केला. खाली माझीच सही होती.

कलम ३. आता कारण. निवृत्तीनंतर एका ख्रिस्ती संस्थेच्या वतीने मी दर वर्षी काही महिने आफ्रिकेत, मलावी देशातल्या झोम्बा शहराजवळच्या एका गावात जात आले. तिथे मंडळीची धुरा घेऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना तयार करायचं माझ्याकडे होतं. उपदेश कसा बांधावा, आजाऱ्याकडे गेल्यावर किती वेळ बसावं, भांडण मिटवताना आधी कोणाचं ऐकावं, असलं सगळं. आईला ते अमायी म्हणतात, म्हणून मीही अमायी झाले. मुलं इतकी गुणी की माझा शब्द खाली पडू देत नसत. जाताना मी इथली बाजाची पेटी नेली, आपली भजनं नेली, आणि आपली शिस्त नेली : प्रार्थनेच्या जागी चपला बाहेर.

आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. हिंदू असो, ख्रिस्ती असो, उंबऱ्याशी आलं की पाय आपोआप चपलेतून निघतो. त्या गावात तसं नव्हतं. तिथे उपासनेला जाताना माणूस असतील ते बूट घासूनपुसून घालायचा. अनवाणी राहणं ही लाचारी, आणि देवाच्या घरी लाचारासारखं जायचं नाही, अशी त्यांची रीत. माझा सगळ्यांत लाडका विद्यार्थी म्फात्सो याने दारावर या नियमाचा फळा लावला आणि दर रविवारी स्वतः पहारा देऊ लागला. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

कलम ४. ऑगस्टमध्ये तिथल्या बांडा आजोबांची बायको मेरी वारली. त्या प्रार्थनाघराच्या भिंती या आजोबांनी आपल्या हातांनी उभारल्या होत्या. अंत्यविधीची उपासना होती आणि मी डोळे मिटून पेटी वाजवत होते. शेवटचं गीत संपवून बाहेर आले, तर बांडा आजोबा दाराबाहेर बसलेले! अंगात कोट, टोपी मांडीवर, पाठ ताठ, आणि चारी बाजूंनी लोकांच्या चपला-बुटांचा ढीग. बायकोची शवपेटी आत, आणि हा माणूस बाहेर धुळीत.

मी म्फात्सोकडे बघितलं. तो खुशीत होता. "अमायी, त्यांनी बूट काढले नाहीत. मी नियम मोडू दिला नाही."

"अरे, त्यांची बायको गेलीय!"

"तुम्हीच शिकवलंत ना, दारात माणूस बघायचा नाही, नियम बघायचा?"

बांडा आजोबांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, हेच मला सोसलं नाही. ते म्हणाले, "हे बूट मेरी दर शनिवारी घासायची. गेल्या शनिवारीही घासले. आज तिच्यापुढे ते कसे काढू?" माझ्या विद्यार्थ्यांतली चिकोंडी नावाची मुलगी हे मला इंग्रजीत करून सांगत होती आणि सांगता सांगता रडत होती. मग डोळे पुसून तिने स्वतःच्या मनातलं विचारलं, "अमायी, हा नियम शास्त्रातला आहे की पनवेलचा?"

मी म्हटलं, शास्त्रात आहे, जागा पवित्र म्हणून मोशेला देवाने पायातलं काढायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "तिथे देव स्वतः बोलला होता. आमच्या दारात म्फात्सो बोलला."

 मला संताप आला होता. कोणावर रागावले होते ते आजही नीट सांगता येणार नाही.

कलम ५. आणि त्याच क्षणी मला बांडा आजोबांच्या जागी निनाद दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. निनादने आपटा गावच्या किशोरीशी नोंदणी लग्न केलं. ती आगरी, हिंदू. मंडळीच्या पंचांनी ठरवलं की किशोरी बाप्तिस्मा घेईपर्यंत निनादला उपासनेत बसता येणार नाही. तो म्हणाला, "तिच्या मनात नसताना मी तिला पाण्यात उतरवणार नाही." त्यावर वाद नाही, तंटा नाही. दर रविवारी तो रोडपालीच्या आपल्या घरून येतो, प्रार्थनेच्या खोलीत सतरंज्या घालतो, खुर्च्या मांडतो, पंखे लावतो, आणि लोक यायला लागले की बाहेर पायरीवर जाऊन बसतो. रिकामं बसवत नाही म्हणून सगळ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवतो. किशोरी कधी सोबत आली तर तीही तिथेच. एकदा मी तिला म्हटलं होतं, मागच्या खोलीत बस, ऊन लागेल. ती म्हणाली, "नको आई. ह्ये बायेर बसलेत, मंग आमाला बी बायेरच बरं हाय."

उपासनेनंतर बाहेर पडताना त्या ओळीने लावलेल्या चपला बघून मला नेहमी वाटायचं, पोरगा बापासारखा नीटनेटका निघाला. एवढंच वाटायचं. देवा, एवढंच!

कलम ६. पुढे झालेलं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी मुलांनी मला न बोलावता सभा घेतली. न बोलावता! फळा उतरवला. म्फात्सो स्वतः बांडा आजोबांच्या पाया पडायला गेला आणि मेरीच्या कबरीपाशी सगळ्यांनी बूट घालून पुन्हा उपासना केली. माझ्या पायात चपला होत्या. चपला घालून प्रार्थना मी जन्मात पहिल्यांदा केली, आणि आकाश कोसळलं नाही. त्यानंतरच्या रविवारी आत गेले तर पेटीच्या जागी ढोल, मुली नाचत दानपात्रं पुढे नेतायत, आणि व्यासपीठावर चिकोंडी! मला पहिल्या बाकावर बसवलं. म्हणाली, "अमायी, मंडळी उभी राहिली की शिकवणाऱ्याने बसायचं, हेही तुमचंच." दोन दिवस मी त्यांच्या वर्गाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा उपदेश आठवत बसले, तर त्यात खोट काढण्यासारखं काही सापडेना. याचा धक्का वेगळाच.

कलम ७. सबब, हे संपूर्ण घर, पुढच्या खोलीसह, माझ्या मागे निनाद व किशोरी या दोघांच्या मालकीचं राहील. किशोरीचं नाव दुसरं म्हणून नव्हे, बरोबरीने लिहावं. मंडळीने तिथे खुशाल जमावं, दोघांची ना नसेल तोवर, आणि दारात कोणाला अडवलं जाणार नसेल तोवर. चपला काढायच्या की घालायच्या हे ज्याच्या त्याच्या पायांनी ठरवावं. मागच्या बोळाकडचं दार पावसाचं पाणी काढायला ठेवावं, माणसं काढायला नाही.

कलम ८. खोलीच्या दाराशी "पादत्राणे बाहेर काढावीत" अशी पत्र्याची पाटी आहे. ती मी श्री. बुधाजी पाटोळे यांना देते. त्यांच्या दिवाणखान्यात ती शोभेल. आधी त्यांना साक्षीदार करायचं मनात होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं रोशनीने सांगितलं. मग विचार केला, पाटी जास्त महत्त्वाची. बुधाजी माणूस वाईट नाहीत. यजमान गेले तेव्हा रात्रभर माझ्या दाराशी बसून राहिले होते. पण निनादला बाहेर बसवताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता, हे मी विसरलेले नाही.

कलम ९. झोम्ब्याला असलेली बाजाची पेटी तिथल्याच मुलांकडे राहील. परवा म्फात्सोने फोनवर ती वाजवून ऐकवली. आपल्या भजनाची चाल धरून मधेच ढोल शिरला. मी कानाला हात लावला, मग पुन्हा वाजव म्हटलं. तो चुकतो तिथे चुकू द्यावा, कोणी सुधारायला जाऊ नये.

कलम १०. बँकेतल्या मुदत ठेवीतून चिकोंडीला पनवेलला बोलावण्याचा खर्च करावा. तिने इथल्या तरुणांना आठवडाभर शिकवावं. काय शिकवावं ते तिचं तिने ठरवावं. मी जिवंत असताना ती आली तर मी पहिल्या बाकावर बसेन. उरलेली रक्कम नात मनस्वीच्या शिक्षणाला. ती मला विचारते, "आजी, पप्पा आत का येत नाहीत?" आणि मी म्हणायचे, मोठी झालीस की कळेल. पोरी, मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तुझ्यावर तशी वेळ येऊ नये.

कलम ११. मला पुरताना पायात चपला असाव्यात. नव्या नकोत, रोजच्या.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रोशनी घरत यांनी करावी. तिने यातली निम्मी वाक्यं गाळायला सांगितली होती. मी एकही गाळलेलं नाही.

सही करतानाची नोंद, माझ्याच हातची.

आज रविवार. उपासनेच्या आधी सही उरकावी म्हणून डॉक्टर मितेश आणि शेजारच्या शशिकला कोळी यांना बोलावलं होतं. शशिकलाबाई बाजारात मासळीची पाटी सुनेवर सोपवून आल्या. रोशनीने सगळं मोठ्याने वाचलं. निनाद आणि किशोरी खोलीबाहेर होते. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं. वाचून झालं तेव्हा निनाद पायरीवर खाली मान घालून डॉक्टरांचे बूट सरळ करत होता.

मी म्हटलं, "निनाद, आत ये. चपला घालून ये."

तो उठला. उंबऱ्यापर्यंत आला. एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. "आई, जमत नाही गं," म्हणाला. "पाय उचलत नाही." किशोरीने त्याचा दंड धरून त्याला परत पायरीवर बसवलं. मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आई. त्यांना येल लागंल. तुमी सही करा."

मला वाटलं होतं, नियम उठवला की माणूस आत येतो. हा आजचा धक्का.

मग मी कागद उचलले आणि बाहेर गेले. पायरीवर चपला होत्या, त्या सरकवून जागा केली आणि निनादच्या शेजारी बसले. डॉक्टर आणि शशिकलाबाई माझ्यामागून बाहेर आले. मंडळी यायला लागली होती. बुधाजी समोर येऊन थबकले, "बाई, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "आज उपासनेला मी इथेच आहे. तुम्ही व्हा पुढे." ते पुढे झाले नाहीत, मागेही गेले नाहीत.

साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही : दमयंती जीवन हिवाळे

साक्षीदार :
१. डॉ. मितेश म्हात्रे, पनवेल
२. श्रीमती शशिकला कोळी, पनवेल

दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

ठिकाण : पनवेल. प्रार्थनेच्या खोलीच्या दाराबाहेर, पायरीवर, चपलांशेजारी.