बाबांच्या फोनचा कॅमेरा

४ फेब्रुवारी
आजपासून लिहायचं ठरवलंय. शाळा आठवीत सुटली, डोकं नाही सुटलं. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर. ऑपरेशन नाही. रोज मशीनखाली रेडिएशनचा शेक आणि दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. घरी ताई आहे, पण ती पडली हळवी. केस इथून, शहरातून, फोनवर मीच हँडल करणार.

९ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी
शेक घ्यायला जाताना बसमध्ये बाबांची पँट ओली झाली. जन्मभर टेम्पो चालवलेला माणूस. सीट खराब होईल म्हणून उभ्यानेच गेले म्हणे. मी लगेच इलाज सांगितला: घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणी प्यायचंच नाही. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना सुचू नये!

१३ फेब्रुवारी
ताईने फोनवर तोफ डागली. पोटातली लघवीची पिशवी भरलेली असेल तरच मशीन चालू करतात, म्हणून तिथे आधी पाणी प्यायला लावतात. बाबा घोट घेत नव्हते, रोज तसेच परत येत होते. का, विचारलं तर म्हणायचे, विसरलो. ही अक्कल कुणाची, ते ताईने बरोबर ओळखलं. बाबांनी मात्र माझं नाव घेतलं नाही. म्हणजे सल्ला त्यांना पटला होता.

२ एप्रिल
शेक संपले. आता नुसती इंजेक्शनं, म्हणजे बरेच झाले की. रजा कशाला मागा? बाबांना अंगातून वाफा येतात, बसल्या जागी घामाघूम होतात. मी म्हटलं, इथे लाँड्रीत हॉटेलच्या चादरी इस्त्री करतो, दिवसभर वाफेतच असतो, मी कधी रडलो का? हसले नाहीत. रेंज गेली असेल.

२० एप्रिल
व्हिडिओ कॉल. बाबा बनियनवर. दंड पार वाळलेत, छाती मात्र सुजलीय, बाईसारखी. हार्मोनने होतं म्हणे असं. वातावरण हलकं करायला म्हटलं, काय बाबा, ब्लाउज शिवायला टाकू का शिंप्याकडे? रूमवरची पोरं हसून लोळली. बाबाही हसले असणार. नेमकं तेव्हाच चित्र गेलं.

११ मे
बाबांच्या फोनचा कॅमेरा खराब झालाय. नुसता आवाज येतो, तोही ‘हं’ आणि ‘बरंय’. ताई म्हणते, जाहिराती बघून रडतात, एवढ्या उन्हाळ्यात अंगावरची शाल काढत नाहीत. वाफा येतात आणि वर शाल? कमाल आहे. ठराव: नवा फोन पाठवणे.

२६ जून
ताईचा फोन. बाबा पुढचं इंजेक्शन घेणार नाहीत. म्हणतात, पोटच्या पोरालाही मी बाई दिसतो. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन थांबलं तर दुखणं पुन्हा डोकं वर काढेल. ताई ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा माझी टरकते. म्हणाली, ते तुझंच ऐकतील. ये, नाहीतर फोनवर बोल, पण माफी माग. ९ जुलैची तारीख आहे. मी म्हटलं, अगं, बाबांना गंमत कळते. तरी दोन्ही करतो. येतो आणि बोलतोही.

३० जून
रजा मागायला गेलो. मुकादम चिडलेला होता.

१ जुलै
मुकादम खुशीत होता. खुशीतल्या माणसाचा मूड कशाला घालवा?

४ जुलै
बाबांना फोन केला. हवापाण्याचं बोललो. एकदम मुद्द्यावर यायचं नसतं.

९ जुलै
नवा फोन पोचला. बाबांनी स्वतःहून व्हिडिओ लावला! स्क्रीनवर छताचा पंखा. पलीकडून आवाज: बोल रे बाळा, ताई म्हणाली तुला काही सांगायचंय. सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, कॅमेरा चांगलाय ना? म्हणाले, चांगलाय. म्हटलं, जरा खाली करा की, चेहरा दिसू दे.
फोन हलला नाही. मी पंखा बघत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, लघवीला लागलीय, ठेवतो.
संध्याकाळी ताईचा मेसेज. दवाखाना बंद झाला. बाबा गेले नाहीत.
उद्या नक्की बोलतो.
फोन मात्र भारी निघाला. पंख्याच्या पात्यावरची धूळसुद्धा दिसत होती.