देवकाची पानं

१६ फेब्रुवारी, सोमवार

पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला, आणि आज कळलं की पानंच नाहीत!

आमचं देवक पळस. लेकीच्या, जयश्रीच्या हळदीला देवापुढे पळसाची पानं मांडल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. दर लग्नाला माझा भाऊ धुडकू गावाहून आणतो. आज फोनवर म्हणाला, "ताई, झाडले एक पान नही. कथाईन आनू?" खरंच, कुठून आणणार तो! अमळनेरकडे पाऊस बेताचाच पडला. पळस उघडा, नुसती फुलं.

"फुलं चालतील का?" मी आत्याबाईंना विचारलं. सुभद्राबाई, ह्यांच्या आत्या, घरात सगळ्यांत थोरल्या. म्हणाल्या, "चालतील की. हळदीच्या जागी तिखट लाव."

१७ फेब्रुवारी

जयश्री कॉलेजात झाडांचंच शिकते. म्हणे, "आई, गावापर्यंत जायचंच कशाला? उधन्याहून निघून मधेच सोनगडला उतरू."

तिनं समजावलं, जमिनीतली ओल संपली की झाड पानं टाकतं, पाणी वाचवायला. सोनगड-डांगकडे पाऊस भरपूर, ओल टिकते, म्हणून पानंही उशिरापर्यंत टिकतात. तिथून गावाकडे जावं तसा पाऊस कमी कमी. सागाचं दाट रान सरतं, मग विरळ सालई, खैर, बाभूळ. त्याच गाडीनं इतकी वर्षं गेले-आले, आणि सोनगड आलं की मी झोपलेली!

म्हणजे झाडसुद्धा काटकसरी. मिळकत आटली की आधी वरचा खर्च बंद! इतका आनंद झाला की पोळी करपली. तीही खाल्ली, टाकणार थोडीच.

१९ फेब्रुवारी

जेवताना ह्यांनी ती गंमत पुन्हा काढली. बोलणीच्या दिवशी व्याही राघोभाऊंना देवक विचारलं, तर म्हणाले, "खाखरा." तीन पिढ्या व्याऱ्यात, निम्मं बोलणं गुजराती. मला वाटलं भूक लागली, कडक पोळीचा खाखरा मागताहेत. मी खाखऱ्याचा डबा उघडून पुढे केला, आणि त्यांनी खाल्ला की हो! जयश्री आत चहा करत होती, तिला हे ठाऊकच नाही.

हे म्हणाले, "असेल तिकडचं एखादं झाड. आपल्याहून वेगळं ना, मग झालं." खरंच. देवक एक निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबंद ठरतात, लग्न लागत नाही.

सगळे हसलो. आत्याबाई सुपारी कातरत होत्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

उधन्याहून सकाळची गाडी. आज डोळे टक्क उघडे! व्यारा मागे पडलं आणि डोंगर सुरू. जयश्री खिडकीतून दाखवत होती — उतारावरचे साग झडलेले, ओढ्याकाठचे अजून पानांत. जिथे पाणी तिथे हिरवी रेघ, जणू कुणी काठ शिवलाय. मला गाणंच सुचत होतं, लोक बघतील म्हणून गप्प बसले.

सोनगडला उतरून रिक्षा केली, मग ओढ्याकडे पायी. वाटेत एक म्हातारी लाकडं गोळा करत होती. तिला पळस विचारला. तिला कळेना. जयश्रीनं बोटांनी तीन पानांचा आकार करून दाखवला.

"ओ, खाखरो! आ रह्यो," म्हणून तिनं बोट केलं.

समोर पळस. आमचा पळस. हिरवागार.

जयश्री म्हणाली, "हो आई, गुजरातीत पळसाला खाखरो म्हणतात." आणि हसत पानं तोडायला गेली.

मला राघोभाऊंपुढे केलेला डबा आठवला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

महादेवाला गेले. बोलले तर पोरीचं लग्न मोडतं, न बोलले तर तू बघतोयस. घरात एकालाही सांगितलेलं नाही.

मग त्याच्याशीच वाद घातला. पाऊस तूच पाडतोस ना? इकडे कमी, तिकडे जास्त. त्या पावसानं एक झाड माघात उघडं केलं, दुसरं हिरवं ठेवलं. एकाला पळस म्हणतात, दुसऱ्याला खाखरा. मग एकच कसं रे?

तेवढ्यात बेलाचं पान पिंडीवरून घसरलं. उजवीकडे! उजवीकडे चांगलं असतं.

२४ फेब्रुवारी

पानं ओल्या फडक्यात. जयश्री घरभर नाचतेय. मी त्या फडक्याकडे बघायचं टाळतेय.

२५ फेब्रुवारी

हळद. दोन्हीकडची पानं शेजारी शेजारी आली, ओळखू येईनात. आत्याबाईंनी दोन्ही जुड्या चाचपल्या. आमच्या जुडीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "हा पळस." त्यांच्या जुडीवर ठेवून, "हा खाखरा." मग माझ्या कानाशी, "माझं सासर व्याऱ्याचंच होतं, बाई. तू डबा उघडलास तेव्हाच कळलं मला. आण आता हळद."