रूपांतराचा हुकूम

प्रिय ताई,

फोनवर बोलणं जमेना, म्हणून लिहायला बसले. अक्षराला नावं ठेवू नकोस. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बहिणीकडून मोत्यांसारख्या अक्षरांची अपेक्षा कसली करतेस!

आमच्या नोंदणी कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये माणूस तीनच प्रकारचा असतो: रहिवासी, बेपत्ता किंवा मृत. एका प्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर कधी व्हावं, ते नियम मी लिहिते. माझ्या आधीच्या शहाण्याने 'बेपत्ता'चं 'मृत' आपोआप होऊ दिलं होतं. कुणी बेपत्तांची आणि मृतांची यादी नुसती शेजारी ठेवली, तरी यंत्र आपल्याच अकलेने बेपत्ता माणसाला मेलेला धरायचं. भाऊजींची रिकामी होडी सापडली तेव्हा तू मृत्यूच्या अर्जावर सही केली नाहीस, सगळ्यांशी भांडलीस, आणि इथे हे यंत्र त्यांना परस्पर मारून मोकळं! माझं डोकंच फिरलं. साहेबांची बोलणी खाऊन मी तो नियम काढून टाकला आणि भाऊजींची नोंद परत 'बेपत्ता' केली. आता कुणीतरी स्पष्ट हुकूम दिल्याशिवाय कुठलंच रूपांतर होत नाही.

सोमवारी पाहते तर भाऊजी 'रहिवासी'. पत्ता तुझ्या घराचा. मी नोंद पुन्हा 'बेपत्ता' केली, चहा पिऊन आले, तर परत रहिवासी. असा उलटा नियम मी लिहिलेलाच नव्हता, पण तो माझ्या नियमांच्या खाली लिहिलेला होता, आणि हुकूम देणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं. तू तर आमच्या कार्यालयाची पायरीही कधी चढली नाहीस. तुला फोन केला, तर हसून विषय बदललास. मागे कुणीतरी घसा खाकरला. चहात साखर कमी पडली की भाऊजी खाकरायचे, अगदी तसं. रेडिओ असेल, असं मी मनाला समजावलं.

आज सकाळी तुझीच नोंद 'बेपत्ता' झाली आहे. हुकूम देणाऱ्याच्या जागी भाऊजींचं नाव आहे. ती मला बदलता येत नाही. तेव्हापासून तुझा फोन उचलला जातो, पण पलीकडून फक्त ते खाकरणं ऐकू येतं. ताई, पत्र तुझ्या हाती पडलं, तर चपला शोधत बसू नकोस, आहेस तशी निघून माझ्याकडे ये. आणि भाऊजी, हे तुम्हीच उघडलं असेल, तर तुमच्या पाया पडते, माझी ताई मला परत द्या.

तुझीच, वाट बघणारी
धाकटी