मूठ पोकळ आहे ती सोयीसाठी

२ जुलै, सोनकोलचं कुरण
वहीची पहिली चार पानं नुरिलाच्या शाळेतल्या भूगोलाची होती. फाडली. पोरीचं लग्नाचं वय झालं, भूगोल काय करायचाय.

खालच्या गावातून निरोप आला. वीस तारखेला नवऱ्या मुलाची आई तोक्तोकान वर येणार. कानातले घेऊन. तिने ते नुरिलाच्या कानात घातले की लग्न पक्कं. नाही घातले तर सगळ्या कुरणावर बोभाटा. मेंढा मी निवडला. कापणार कोण हा प्रश्न आहे, कारण शारशेन घोड्यावरून पडलेत आणि उजवा हात प्लास्टरात आहे. घोडा उभा होता तेव्हा पडले. नवरा आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

दीर केंजेबेक म्हणाला, वहिनी, सगळं मी करतो. मी सांगितलं, मान तू काप, ते पुरुषाचं काम. पुढचे वाटे मी करीन. तीस वर्षं बघतेय, त्यात अवघड काय आहे.

४ जुलै
शारशेनची सुरी पेटीतून काढून बघितली. काळी, पातळ, झिजून बोटाएवढी रुंद उरलेली. विहिणीसमोर ही काढली तर तिला वाटेल आपण मागून खातो. परत पेटीत टाकली. नवी घेणार. वजन पाहिजे आणि चमक पाहिजे. बाकी कोण बघतं.

७ जुलै, दुपारी
सामान विकणारा व्हॅनवाला वर आला. त्याच्याकडे मिळाली. पातं वीतभर, आरशासारखं. पाठीला करवतीचे दात. मूठ आतून पोकळ, तिच्यात आगपेटीच्या काड्या, गळ आणि दोरा. मुठीच्या बुडाला होकायंत्र. एवढं सगळं एका सुरीत.

शारशेन म्हणाले, पोकळ म्हणजे पातं मुठीत गेलेलंच नाही, तोंडाशी नुसतं टेकलंय. सुरी घ्यावी तर लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं बघून घ्यावी. मी म्हटलं, घोड्यावर कसं टेकायचं ते तुम्ही बघा. मूठ पोकळ आहे ती सोयीसाठी.

बदल्यात दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची सतरंजी दिली. नुरिलाला लग्नात द्यायच्या पाचातली एक. चार पण पुष्कळ झाल्या.

८ जुलै
होकायंत्र तंबूत चुलीकडे उत्तर दाखवतं. बाहेर सुरीच्या पात्याकडे. पण दाखवतं ठामपणे.

१० जुलै
धार लावायला बसले. चहाचा वाडगा पालथा घातला, बुडाच्या खरखरीत कडेवर पातं घासलं. इथे सगळे असंच करतात. शारशेनच्या सुरीला दहा हात पुरतात. हिला दोन वाडगे लागले, त्यातला एक फुटला. नुरिला म्हणाली, आई, पातं दोन्ही बाजूंनी सारखंच कलतं धर, आणि एवढं रेटू नकोस. या पोरीला जन्म मी दिला.

मग ओढ्यावर जाऊन दगडावर घासलं. लवकर झालं. धारेला आता लाटा आल्यात. म्हणजे करवत दोन्हीकडून झाली. फायदाच.

१३ जुलै
पात्यावर तपकिरी डाग. गंज नाही. व्हॅनवाल्याने सांगितलंय, गंजत नाही. खारवलेला चक्का कापला आणि तशीच ओली म्यानात घातली, एवढंच झालं.

केंजेबेकने बघितलं आणि डोकं हलवलं. म्हणाला, काम झालं की पुसायची, वाळवायची, मेंढीच्या शेपटाची चरबी नखभर चोळायची. आणि चामड्याच्या म्यानात मुक्कामाला ठेवायची नाही, चामडं ओल धरून ठेवतं. नखभर चरबीने काय होतं. मी ओंजळभर लावली. पात्याला, मुठीला, म्यानाला आतून-बाहेरून.

१४ जुलै
कुत्र्याने म्यान खाल्लं.
सुरी शारशेनच्या लोकरी मोज्यात ठेवलीय. कुरकुरले. म्हटलं, मोडलाय हात, मोजा पायाचा आहे.

१७ जुलै
शेजारच्या तंबूतल्या साकिशकडे बोकड कापला. मी सुरी घेऊन गेले, सराव म्हणून. साकिशने लांबूनच सांगितलं, इरिस्कान, तू चहा पी. मग नवऱ्याचं काम दाखवत बसली, की हाड तोडायचं नसतं, सांधा शोधायचा, सांधा सापडला की हाड आपण होऊन सुटतं. मला माहीत आहे. पण जोर असेल तर शोधत कशाला बसायचं.

केंजेबेक तिथेच होता. म्हणाला, वहिनी, बारा वाटे, बारा माणसांचे मान. कमरेचं हाड विहिणीचं. ते फुटकं ताटात गेलं तर कानातले पिशवीतूनच परत जातील.

नुरिलाने ऐकलं. दुपारी जेवली नाही. नंतर जवळ येऊन म्हणाली, "आई, बाबांची सुरी घे. माझ्यासाठी घे."
मला वाईट वाटलं. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

२० जुलै, सकाळी
सगळं तयार. सुरी मोज्यातून काढून तीनदा पुसली. चमक पाहिजे.

२० जुलै, संध्याकाळी
थोडक्यात लिहिते.
केंजेबेकने मान कापली, कातडं सोलून दिलं आणि बाजूला झाला. पुढचा पाय मी सोडवला. वेळ लागला, पण सोडवला. कमरेशी अडलं. सांधा जिथे असतो तिथे नव्हता. पातं टेकवलं आणि वरून दगड हाणला.

हाड फुटलं. पातं उडून गवतात गेलं. मूठ माझ्या हातात. काड्या, दोरा, सगळं मेंढ्यावर सांडलं. तोक्तोकान बघायला बाहेर आली होती, गळ तिच्या बाहीत अडकला.

तिने गळ सोडवला, बघितला आणि म्हणाली, "विहीणबाई, मेंढा कापायचाय की मासा धरायचाय?"

मग तिने बुटातून स्वतःची सुरी काढली आणि गुडघ्यावर बसली. पाहुणी. माझ्या दारात. नुरिलाने न सांगता जाऊन मेंढ्याचा पाय धरला. तोक्तोकानने विचारलं, पोरी, सांधा कुठाय. नुरिलाने अंगठा ठेवला. सुरी तिथेच गेली, आवाजसुद्धा झाला नाही. परत विचारलं, परत अंगठा. असे उरलेले सगळे सांधे. मी काड्या वेचत होते.

शेवटी तोक्तोकान उठली आणि नुरिलाला म्हणाली, "हात धुऊन ये आणि कान पुढे कर."

घातले. चांदीचे, लाल खड्याचे. पोरगी रडली. शारशेन रडले. माझ्या डोळ्यात चुलीचा धूर गेला.

जेवताना तोक्तोकानने कमरेचं दुसऱ्या बाजूचं चांगलं हाड स्वतः घेतलं आणि फुटकं माझ्या ताटात वाढलं. म्हणाली, हा तुमचा मान. बारा जणांत मला वेगळा मान मिळाला. तशी सुरी मोडली म्हणूनच तोक्तोकानची आणि नुरिलाची ओळख झाली. निवड चुकली असं म्हणता येणार नाही.

२३ जुलै
लग्न सप्टेंबरात. तोक्तोकानचा निरोप आलाय, की कापायला आमच्याकडे माणसं आहेत, विहीणबाईंनी मानाच्या जागेवर बसावं आणि हातात काही घेऊ नये. मोठ्या बायकांना असंच बसवतात. शारशेन प्लास्टरचा हात तोंडापुढे धरून हसले.

स्वयंपाकाला बसले तर नुरिलाने कांद्याची सुरी काढून घेतली. म्हणाली, आई, आजपासूनच सवय कर.

कांदा बुक्कीने फोडला.